सवडीने बघ

आमचे खासदार नोव्हेंबरात निवडणूक हरले. जानेवारी लागायच्या आत ट्रॉय शहरातलं त्यांचं ऑफिस रिकामं करायचं होतं.

लोकांच्या अडलेल्या सरकारी कामांची यादी माझ्याकडे असे. लाल म्हणजे आज, पिवळं म्हणजे या आठवड्यात, हिरवं म्हणजे सवडीने. साहेब मूळचे शाळामास्तर. वॉशिंग्टनहून आले की कोट न काढताच लाल फाइली मागायचे आणि स्वतः फोन लावायचे. त्यांची भाषणं आता कुणाला आठवत नाहीत, ते फोन आठवतात.

आमच्या मराठी मंडळातले एक काका दर निवडणुकीला साहेबांच्या प्रचाराची पाटी अंगणात लावत. त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मात्र आले. त्यांच्या धाकट्या भावाला भारतात इथला व्हिसा नाकारला होता. काकांची तब्येत खालावली होती, भावाची एकदा भेट व्हावी एवढंच त्यांचं म्हणणं.

"काका, अर्जंट लिहू?"

"छे गं! तुला शंभर कामं. सवडीने बघ."

मी हिरवी खूण केली. माझे वडील आयसीयूतूनसुद्धा हेच म्हणाले असते. मला कळायला हवं होतं.

शेवटच्या आठवड्यात साहेबांनी विचारलं, "काही राहिलंय?"

"फक्त हिरव्या."

"नक्की?"

"नक्की."

हिरव्या फाइली बंद झाल्या. नव्या खासदारांकडे पुन्हा अर्ज करा, असं पत्र मीच काकांना पाठवलं. त्यांनी केला नाही. नव्या माणसाला लगेच कशाला त्रास द्यायचा, म्हणाले. मार्चमध्ये काका गेले. भावाने अंत्यविधी फोनवर पाहिला.

साहेब आले होते. ते आता कॉलेजात शिकवतात. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "भावाच्या व्हिसासाठी तुम्ही एवढे प्रयत्न केलेत, थँक यू." साहेबांनी नुसती मान हलवली.

पार्किंगमध्ये ते माझ्या गाडीपाशी थांबले.

"कुठला व्हिसा?"

मी सांगितलं.

"माझ्याकडे का नाही आली ती फाइल?"

"ते म्हणाले होते, घाई नाही."

"तुमच्या मराठी लोकांपैकी कुणी मला कधी घाई आहे असं म्हणालंय का? म्हणून तर तुला त्या खुर्चीवर बसवलं होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. हे ते अगदी हळू बोलले.

"काका म्हणाले तसंच मी लिहून घेतलं," मी म्हणाले.