गप्प राहण्याचा पगार

शहरातली दीड-दोन हजार माणसं तिच्याकडून गाडी शिकली असतील, पण त्यांतल्या एकावरही तिने कधी विश्वास टाकला नव्हता. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तिचा पाय तिथून हलत नसे, म्हणून नाव पडलं ब्रेकबाई. गाडी स्वतःची, धंदा स्वतःचा. काम केलं तर कमाई, नाही तर ठणठणाट.

हा रस्त्यावरचा स्वभाव ती घरीही घेऊन यायची. त्यामुळे विम्याचं काम करणारी धाकटी नणंद फाइल घेऊन आली, तेव्हा ब्रेकबाईने तिच्यापुढे पाणी ठेवलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुला यात किती सुटणार?"

"सुटणार थोडे, वहिनी. खोटं कशाला बोलू? पण ऐक तरी. आजारपणाने तुझं काम बंद पडलं, तर पहिला महिना तुझा तू काढायचा. पुढे दोन वर्षांपर्यंत कमाईतला निम्म्याहून जास्त भाग कंपनी दरमहा देणार."

"आणि मेले तर?"

"मेलीस तर काही नाही. हा जिवंत माणसासाठी आहे."

"म्हणजे मी घरी लोळत पडणार आणि कुणी परकं मला पैसे पाठवणार. बरं बरं."

तीन संध्याकाळी तिने नणंदेला बसवून ठेवलं. बारीक अक्षरं वाचायला भिंग काढलं. 'पूर्वीचे आजार' या रकान्यात नणंद 'नाही' लिहायला निघाली, तर हिने पेन हिसकावून घेतलं.

"अगं, एवढ्यातेवढ्याला कोण लिहितं?"

"न लिहिलेलंच उद्या माझ्यावर उलटवतील." आणि दर थंडीत घसा बसतो, इथपर्यंत तिने सगळं लिहिलं. कंपनीने तपासणी करून घेतली, हप्ता थोडा चढवला आणि पॉलिसी दिली.

पाच वर्षं गेली. मग आवाज घोगरा झाला, चिरका झाला, आणि एके दिवशी "डावीकडे घ्या" म्हणायला तोंड उघडलं तर नुसती हवाच बाहेर आली. शिकणाऱ्या मुलीने गाडी खुशाल उजवीकडे घातली. ब्रेक होता म्हणून निभावलं.

डॉक्टरांनी स्वरतंतूंवरच्या गाठी पडद्यावर दाखवल्या. शस्त्रक्रिया, त्यानंतर तीन आठवडे अवाक्षर नाही, आणि चार महिने शिकवणं बंद. ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. तिथेही तेच ऐकल्यावर तिने वहीत लिहून नवऱ्याला दाखवलं, 'दोघं एकमेकांना सामील दिसतात.' तरी शस्त्रक्रिया करून घेतली.

कंपनीकडे अर्ज गेला आणि फोन आला. घरात वीस वर्षं 'हूं' आणि 'बरं' यांवर भागवणाऱ्या नवऱ्याला बोलावं लागलं.

"आम्हाला बाईंशीच बोलायचंय," पलीकडून आवाज आला.

"अहो, त्यांना बोलता येत नाही, म्हणून तर अर्ज केलाय."

"ते त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं."

नवऱ्याने फोनकडे आणि मग बायकोकडे पाहिलं. तिची नजर सांगत होती, बघ, मी म्हणत नव्हते?

त्याच आठवड्यात समोरच्या फुटपाथला लागून एक राखाडी गाडी उभी राहू लागली. आत एक माणूस, हातात वर्तमानपत्र, पण पान उलटायचं नाव नाही. दोन दिवस तिने पडद्याआडून पाहिलं. चोर असणार, पाळत ठेवतोय. तिसऱ्या दिवशी ती तरातरा खाली गेली आणि वही त्याच्या काचेला चिकटवली : 'कोण तुम्ही? काय बघताय?'

माणूस ओशाळला. ओळखपत्र दाखवत म्हणाला, "विमा कंपनीचा तपासनीस. तुम्ही गुपचूप शिकवण्या घेताय का, बोलताय का, ते पाहायचं होतं. राग मानू नका, आमचं कामच संशयाचं."

राग कुठला? या सगळ्या प्रकरणात तिला पटेल असं वागणारा हा पहिलाच माणूस भेटला होता. तिने लिहिलं, 'वर चला. कागद बघा.'

त्याने डॉक्टरांचे अहवाल पाहिले, आपल्याकडची जुन्या अर्जाची प्रत काढली आणि घशाच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे लपवलं असतंत ना बाई, तर सगळंच अडकलं असतं."

निघताना दारातून त्याने अगदी सहज विचारलं, "स्टेशनला कुठून जाऊ हो?"

ब्रेकबाईने हसून हातानेच डावीकडे दाखवलं.

पहिला महिना नवरा-बायकोने ओढाताण करून काढला. पुढच्या महिनाअखेरीला पैसे जमा झाले. चुकून तर आले नाहीत ना, हे तिने बँकेत वहीत लिहून विचारून घेतलं. मगच मीठ-मिरचीपासून डोक्यात चाललेली काटछाट थांबली, आणि ती खऱ्या अर्थाने गप्प बसली.

चौथ्या महिन्यात आवाज परतला, जरा खालच्या पट्टीत. डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही म्हटलं, त्या दिवशी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये पावत्या फाडणारा माणूस तिने ओळखला. तिच्याही आधीपासून गाडी शिकवणारे मास्तर! एकमेकांची चौकशी करताना कळलं, तिच्यासारख्याच गाठी त्यांनाही झाल्या होत्या.

"घरी बसलो म्हणून घरभाडं थांबतंय होय?" मास्तर कुजबुजले. कुजबुजण्यापलीकडे त्यांना आता येतच नव्हतं. "शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी गाडीत बसलो, ओरडलो, आणि जे गेलं ते गेलं. तुला कसं गं जमलं गप्प राहायला?"

तिने विम्याचं सांगितलं. मास्तरांनी डोळे बारीक केले. "फसवत असतील."

"मलाही तसंच वाटत होतं."

एक गाडी आली. मास्तरांनी पावती फाडून दिली आणि परत तिच्याकडे वळले. "माझी मुलगी सामान पोचवायची गाडी चालवते. तिला घेता येईल?"

"नणंदेचा नंबर देते. पण तिच्या बोलण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही. मुलीला म्हणावं, एकेक ओळ स्वतः वाच."

मास्तरांनी पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर नंबर लिहून घेतला, आणि बरोबर आहे ना म्हणून तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला.