चार नंबरची कुंची

महिपतरावांच्या पूर्वजांनी शिंद्यांच्या घोडदळात तलवार गाजवली, असं त्यांच्या घरात सांगतात. ती तलवार हजीरा मोहल्ल्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत अजून आहे. तिनं शेवटचं काय कापलं, याबद्दल मात्र मतभेद आहेत. महिपतराव म्हणतात शत्रू, अनसूयाबाई म्हणतात कलिंगड. कलिंगडाची फोड अनसूयाबाईंनी स्वतः खाल्लेली असल्यामुळे वाद तिथंच मिटतो.

महिपतरावांची स्वतःची हत्यारं वेगळी. ते ज्या कारखान्यात आहेत, तिथं घाण्यातून आलेल्या मोहरीच्या पेंडीतलं उरलंसुरलं तेल हेक्झेनमध्ये विरघळवून काढतात. हेक्झेन हा पेट्रोलचा चुलतभाऊ. त्याची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती वर जात नाही, जमिनीलगत मांजरीच्या पावलानं सरकते आणि ठिणगी शोधते. नव्या माणसाला तिचा वास येतो. जुन्याचं नाक सरावतं आणि येईनासा होतो. म्हणून तिथं जमिनीपासून वीतभर उंचीवर जागोजागी वाफ हुंगणारी यंत्रं बसवलीत. वाफ वाढली की कंट्रोल रूममध्ये आकडा चढतो, भोंगा वाजतो, आणि तरीही वाढत राहिली तर कारखाना आपोआप थांबतो. या यंत्रांना सगळे 'नाकं' म्हणत. ती तपासायची, साफ करायची, हुंगायला विसरली तर पुन्हा शिकवायची, हे महिपतरावांचं काम. "पोरीचं नाक कधी पुसलं नाही, यांची पुसतात," असं अनसूयाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ती पोर, गरिमा, इंजिनीअर होऊन याच वर्षी त्याच कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये बसू लागली होती.

खंडेनवमीला महिपतराव नाकांची पूजा करत. ज्योत लावायची सोय नव्हती, म्हणून हळदकुंकू, झेंडू आणि गुलाबाचा सेंट. एका वर्षी कुणीतरी सेंट जरा सढळ हातानं फवारला आणि नाकांनी त्यालाच वाफ समजून अख्खा कारखाना बंद पाडला. पुढच्या वर्षी अनसूयाबाईंनी लाल खणाच्या छोट्या कुंच्या शिवल्या, सेंट आत शिरू नये म्हणून आतून प्लास्टिकचं अस्तर. कुंच्या घातलेली नाकं बारशाच्या बाळांसारखी दिसत. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही, हा घराण्याचा नेम. सेंटच्या त्या प्रकारानंतर नवमीला कारखाना बंदच असे, त्यामुळे कुंच्या रात्रभर राहिल्या तरी कुणाचं काही बिघडत नसे. हातात धरून फिरवायचं एक नाकही होतं. ते महिपतराव घरी आणत आणि तलवारीशेजारी पाटावर मांडत.

यंदाही सगळं यथासांग झालं. महिपतराव घरी आले, श्रीखंडपुरी जेवले, आडवे झाले. दुपार कलली तेव्हा फोन वाजला.

"बाबा, मला यायला उशीर होईल. प्लान्ट चालू केला ना."

"कोणी?"

"सौरव सरांनी. ऑर्डर अर्जंट आहे." सौरव म्हणजे नवा मॅनेजर, आलेल्याला जेमतेम दोन महिने झालेले. गरिमा हसत होती. "आणि ऐका तर, तुमची नाकं आज एकदम शांत. रोज कुठं एक, कुठं दोन असं काहीतरी चुळबुळत असतं, आज सगळी शून्यावर. सर म्हणतात, दादा की पूजा का असर है."

महिपतराव ताडकन उठून बसले. जिवंत नाक कधी इतकं गप्प बसत नाही.

"गरिमा, त्यांना कुंच्या आहेत."

पलीकडचं हसू थांबलं. मागं पंपांची घरघर ऐकू येत होती.

"काढल्या नाहीत? कुणाला सांगितलं होतंत?"

"सांगायचं काय? दरवर्षी..." महिपतराव अडखळले. दरवर्षीची माणसं बदलली होती. कुंच्या रात्रभर तशाच राहतात हे सौरवला ठाऊक नव्हतं, गरिमाला ठाऊक नव्हतं. "चार नंबरचं नाक पंपाजवळ आहे. परवापासून त्या पंपाचं सील जरा ओलसर..."

"जाऊन काढून येते."

"आत पाऊल टाकू नकोस! आधी बंद कर. सगळ्यांना बाहेर काढ."

मागून सौरवचा आवाज आला, "अरे, ज़ीरो दिखा रहा है, बंद क्यों करें?"

"सर, अंधे को भी ज़ीरो ही दिखता है," गरिमा म्हणाली. मग एक खटका ऐकू आला, आणि पंपांची घरघर हळूहळू खाली खाली जात विझली. फोन तुटला.

आता तिथं पाऊणशे माणसं होती आणि एकही नाक उघडं नव्हतं. उघडं नाक एकच, देवघरातल्या पाटावर.

"अहो, उत्तरपूजा झाली नाही! उचलू नका!" अनसूयाबाई ओरडल्या.

"पोरगी तिथं आहे," महिपतराव म्हणाले. अनसूयाबाईंनी स्वतःच ते उचलून त्यांच्या हातात दिलं, वरचा झेंडू काढायला दोघांनाही सुचलं नाही.

रस्ताभर देवीचे मांडव, ढोल, नाचणारी पोरं. स्कूटर जागोजागी अडत होती. दर वळणावर महिपतराव कारखान्याच्या दिशेच्या आभाळाकडे बघत. आभाळ स्वच्छ होतं. तेही त्यांना आवडलं नाही.

स्कूटर त्यांनी लांब रस्त्यावरच बंद केली आणि चालत निघाले. वारा पडला होता. फाटकाच्या आत, उताराच्या तळाशी, सगळे घोळक्यानं उभे होते. गरिमा माणसं मोजत होती. ती दिसली तेव्हा कुठं महिपतरावांनी पावलांची घाई सोडली. पोरं गप्पा मारत होती, सौरव फोनवर मालकांची समजूत घालत होता. सुट्टी मिळाल्यासारखं वातावरण.

हातातलं नाक त्यांनी सवयीनं जमिनीजवळ नेलं. कुंकू माखलेल्या काचेवर आकडा हलला. चार. नऊ. एक पाऊल पुढं, सतरा. आणि ते किंचाळायला लागलं.

पलीकडे, चौकीच्या ओट्याशी, पहारेकरी कान्होजी स्टोव्हपुढं उकिडवा बसला होता. एवढी माणसं रिकामी उभी, म्हणून त्यानं चहाचं आधण मांडलं होतं. काडी पेटीला टेकली होती.

"कान्होजी!"

"आओ दादा, चहा टाकतोच..."

"काडी ओढू नकोस! तुला देवीची आण आहे!"

कान्होजीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग किंचाळणाऱ्या यंत्राकडे, मग स्वतःच्या पायांकडे, जणू तिथं काही दिसणार होतं. दिसत काहीच नव्हतं. महिपतरावांनी त्याच्या बोटांतून काडी सोडवली, पेटी सोडवली, आणि सगळ्यांना घेऊन ते चढाच्या रस्त्यानं चालत राहिले, हातातलं नाक गप्प होईपर्यंत.

सकाळी वारा सुटल्यावर, कारखाना हवा खाऊन मोकळा झाल्यावर, चार नंबरची कुंची गरिमानं काढली. सील फाटलेलं होतं. कुंचीच्या खणाला तेलाचा डाग पडला होता.

ऑफिसात सौरवनं विचारलं, चूक कुणाची लिहू? "माझी," महिपतराव म्हणाले. "माझीही लिहा," गरिमा म्हणाली, "मी विचारलं नाही, शून्य का."

आता खंडेनवमीला नाकांना नुसता नमस्कार असतो. हातातलं नाक कारखान्यातच राहतं, चालू. त्याच्या जागी पाटावर, तलवारीशेजारी, ती काडेपेटी असते, ती न ओढलेली काडी आत ठेवून. अनसूयाबाईंचा हात निरांजन लावताना चुकून तिच्याकडे जातो, आणि दरवेळी वाटेतच थांबतो.