नुसती उभी माणसं

अमेरिकन फुटबॉल बघायला बरा की कंटाळवाणा, यावरून आमच्या घरातली तरुण मंडळी टीव्हीपुढे बसून इंग्रजीत तावातावाने भांडतात. मला कुणी विचारत नाही. म्हाताऱ्या नर्सला खेळातलं काय कळणार, असं त्यांना वाटत असावं. पण तो खेळ मी त्यांच्या जन्माआधी कुवेतच्या वाळवंटात बघितला आहे, आणि एकच सामना पुन्हा पुन्हा बघितला आहे. माझं मत विचाराल तर इतका रटाळ खेळ दुसरा नाही. आणि एक काळ असा होता की त्या रटाळपणावरच माझा सगळा जीव होता.

साठ सालानंतरची ही गोष्ट. फिंतास गावाच्या पुढे, दक्षिणेकडे समुद्राच्या कडेने गेलं की एका अमेरिकन तेल कंपनीचा कॅम्प लागायचा. मी तिथल्या दवाखान्यात नर्स होते आणि माझा नवरा सर्व्हे विभागात होता. आम्ही दोघंही रत्नागिरीच्या खाडीकाठची, मुसलमान. मी मुंबईच्या इस्पितळात शिकले. तो कुवेतला येण्याआधी गावोगाव जमिनीच्या मोजणीवर साखळी धरायचा. वाळवंटातही त्याच्या हातात साखळीच आली. आम्हाला एक खोली मिळाली होती, तिला पंखा होता, आणि आम्ही मजेत होतो.

हिवाळ्यात शुक्रवारी दुपारी अमेरिकन लोक आपला फुटबॉल खेळायचे. मैदान म्हणजे कच्चं तेल शिंपडून रोलर फिरवलेली वाळू, काळीकुट्ट, आणि तिच्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. निम्म्यांच्या डोक्यावर हेल्मेट, निम्मे बोडके. त्यांच्या खेळाचा नियम असा की चेंडू धरणाऱ्यांनी चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्यांना द्यायचा. चेंडू पोचला की थोडक्यात राहिला अशी शंका आली, की दोन काठ्यांना बांधलेली साखळी मैदानात आणून मोजायचं. साखळी म्हटल्यावर त्यांना माझ्या नवऱ्याची आठवण झाली. त्याने मोजणीच्या दोन तांबड्या-पांढऱ्या काठ्या आणि मोडक्या साखळीचा तुकडा जोडून सामान तयार केलं, आणि सुट्टीच्या दिवशीही आमचे साहेब कामावर जायला लागले.

मी एकदाच गेले बघायला. धडक, ढीग, शिट्टी, मग सगळे उभे. पुन्हा धडक, ढीग, शिट्टी, पुन्हा सगळे उभे. माझे भाऊ हुतुतू खेळायचे, त्यात खेळणाऱ्याबरोबर बघणाराही श्वास धरून बसतो. कॅम्पातले गोव्याचे कारकून हॉकी खेळायचे, तेव्हा पापणी लवली की गोल झालेला असायचा. फिंतासच्या किनाऱ्यावर कुवेती पोरं अनवाणी फुटबॉल खेळायची, तेही मी मासळी घ्यायला गेले की पिशवी खाली ठेवून बघत राहायची. आणि इथे तासभरात खेळ किती, तर चहा गाळायला लागतो तेवढा.

घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, "हा कसला खेळ? अर्धा वेळ माणसं नुसती उभी."

तो म्हणाला, "तुला समजला नाय. ह्यो आपल्याकडचाच खेळ हाय गो. बांधाचं भांडण. आधी भाऊबंद एकमेकांच्या अंगावर जातात, मग मोजणी बोलवतात, मग सगळे साखळीवर वाकून बघतात."

"आणि निकाल?"

"निकाल लागला तरी कोण मानतो? परत अंगावर जातात."

यावर तो तोंडावर हात धरून हसला. त्याचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता, म्हणून तो नेहमी हात धरूनच हसायचा. मी पुन्हा काही सामना बघायला गेले नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात सर्व्हेवर असताना धुळीचं वादळ आलं, जीप उलटली, आणि तो गेला. एका वाक्यात सांगण्यासारखं एवढंच आहे. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. पुरुष घेऊन गेले, पुरुष परत आले, आणि मी इद्दतीला बसले. नवरा गेल्यावर बाईने घरात बसायचे ते महिने मी त्या खोलीत काढले. त्याचा फोटो म्हणाल तर पासपोर्टवरचा एक, त्यात तो चोरी करताना पकडल्यासारखा दिसतो. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मला त्याची चाल आठवेनाशी झाली आहे. चेहरा आठवायचा, पण तो चालत नसे. याची मला फार भीती वाटायची.

कामावर परत गेले तेव्हा दवाखान्यात एक अमेरिकन बाई भेटली. तिच्या बाळंतपणात मी तिच्याजवळ होते. एकटी काय बसतेस, शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे ये, माझा नवरा सिनेमा दाखवतो, असं ती म्हणाली. सिनेमा म्हणजे त्यांनी स्वतः काढलेल्या फिती. अंगणात दोरीला चादर बांधायची, मशीन खडखडवायचं, आणि सरबत पीत बसायचं. आवाज वगैरे काही नाही. आधी त्यांची मुलं समुद्रात, मग त्यांचा कुत्रा, मग फुटबॉल.

फुटबॉलची फीत त्या बाईनेच काढलेली होती. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचा नवरा खेळायचा, आणि तिला तो दिसायला हवा असायचा. पण पळापळीत तिला तो सापडायचा नाही. म्हणून सगळे थांबले की ती कॅमेरा चालू करायची, आणि पळायला लागले की थोड्या वेळाने गोंधळून बंद करायची. त्यामुळे फितीत खेळ थोडा आणि उभं राहणं फार. तिचा नवरा यावरून सगळ्यांसमोर तिची थट्टा करायचा. पाहुणे जांभया द्यायचे.

मीही जांभई देण्याच्या बेतात होते. चादरीवर चेंडू एका रेघेजवळ पडला, सगळे वाकले, आणि उजव्या कडेने माझा नवरा काठी घेऊन धावत आला.

गुडघे जरा वाकवून तो धावायचा, तसाच. डोक्याला फडकं गुंडाळलेलं. गुडघ्यावर बसला, साखळी ताणली, वर बघितलं, उठला, आणि परत उजवीकडून निघून गेला. मी खुर्चीच्या अगदी कडेवर आले होते. अमेरिकन बाईने ते पाहिलं आणि खूश होऊन म्हणाली, "तुला आवडला खेळ!"

मी मान हलवली. खरं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला मिठी मारली असती, रडली असती, आणि मग मला त्रास नको म्हणून ती फीत पुन्हा कधी लावली नसती. ह्या लोकांचा चांगुलपणा असाच असतो. शिवाय मला कुणाची कीव नको होती. मला फीत हवी होती.

मग प्रत्येक शुक्रवारी मी जायला लागले आणि फुटबॉल मागायला लागले. तिच्या नवऱ्याला आश्चर्य वाटलं, पण आनंदही झाला. त्याने मला सगळे नियम शिकवले. त्याला काय माहीत, मला एकाच नियमाशी घेणं होतं. चेंडू फार पुढे गेला तरी साखळी येत नाही, फार मागे राहिला तरी येत नाही. तो रेघेच्या आसपासच पडायला हवा. त्या फितीत तसा तो तीनदा पडला होता. पहिल्या वेळी माझा नवरा पूर्ण दिसायचा. दुसऱ्या वेळी पाठमोरा. तिसऱ्या वेळी चेंडू वीतभर कमी पडायचा, एक आडदांड खेळाडू जमिनीवर हात आपटायचा, आणि माझा नवरा तोंडावर हात धरून हसायचा.

कुठे काय होणार ते मला पाठ होतं. तरी प्रत्येक वेळी मी खुर्चीची कड धरून बसायची. कुणी मोठी धाव घेतली की बाकीचे टाळ्या वाजवायचे आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालायची. थोडक्यात राहा रे, मेल्या, थोडक्यात राहा. कुठल्याही खेळात कुठल्याही बघणाऱ्याने एवढी घालमेल सोसली नसेल. आणि हॉकीत किंवा हुतुतूत हे जमलंच नसतं, हेही मला कळत होतं. तिथे डोळा चेंडूला नाहीतर गड्याला बांधलेला असतो, कडेला कोण उभा आहे ते बघायला कुणाला सवड असते?

तो निघून गेला की माझी नजर चादरीच्या उजव्या कडेपलीकडे जायची. तिथे नुसता अंधार आणि मेंदीचं कुंपण. पण तो तिथेच कुठेतरी काठी टेकून थांबला आहे, बोलावणं येण्याची वाट बघतो आहे, असं मला वाटायचं. वाटायचं म्हणजे, माझी खात्रीच होती. एकदा पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून मी चादरीच्या मागे गेले. मागून चित्र उलटं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. मोजणी संपली, तो उठला, आणि डाव्या बाजूला चालायला लागला, जिकडे कुंपणापलीकडे आमच्या खोल्या होत्या. मी घाईघाईने घरी गेले. दिवा लावून दार उघडं ठेवून बसले. शिकलीसवरलेली नर्स मी, मेलेली माणसं रोज बघणारी. पण त्या संध्याकाळी मी दोन ताटं काढली, हे खरं आहे.

पुढच्या हिवाळ्यात त्या अमेरिकनाची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी निरोपाची मोठी पार्टी ठेवली. कॅम्पातले इंग्रज आले, आमचे कारकून आले, अंगण भरून गेलं. शेवटी फुटबॉलची फीत लावायची ठरली आणि लोक कण्हले. तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, ह्या वेळी घाबरू नका, मी काल संध्याकाळी बसून फीत दुरुस्त केली आहे. मला वाटलं, कुठे तुटली असेल ती जोडली. मी पुढच्या रांगेत बसले. ही शेवटची वेळ आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी पापणीसुद्धा मिटणार नव्हते.

चेंडू रेघेजवळ पडला. सगळे वाकले. आणि वाकले न वाकले तोच ते पुढच्या धडकेसाठी ओळीत उभे होते.

मशीन अडखळलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग धडक, ढीग, धडक, ढीग, कुठे थांबणं नाही. मागे लोक ओरडायला लागले, शिट्ट्या वाजल्या. दुसऱ्या मोजणीची जागा आली आणि गेली. मी चादरीच्या उजव्या कडेवरून नजर काढली नाही. तिसऱ्या वेळी चेंडू वीतभर कमी पडला, तो आडदांड माणूस खाली वाकला, त्याचा हात वर उचललेला दिसला आणि त्याच क्षणी दुसराच कुणीतरी चेंडू घेऊन पळत सुटला. दिवे लागले तेव्हा सगळं अंगण टाळ्या वाजवत होतं.

मी त्याच्याजवळ गेले आणि कापलेले तुकडे कुठे आहेत, असं विचारलं.

"कचऱ्यात गेले," तो म्हणाला. "कचरा जाळला आज सकाळी. का? त्यात काही नव्हतं. नुसती माणसं उभी होती."

त्याची बायको शेजारी येऊन उभी राहिली. त्या कापण्यात तिच्या नवऱ्याचा चेहराही गेला होता, पण तिचा नवरा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता, तिचं काही बिघडलं नव्हतं. मला सांगता आलं असतं. तो चांगला माणूस होता, त्याने ते जन्मभर मनाला लावून घेतलं असतं. पण माझं दुःख त्याच्या सामानात बांधून अमेरिकेला पाठवायची माझी तयारी नव्हती. ते मला इथेच, माझ्याजवळ हवं होतं.

"आता कशी मजा आली बघायला, नाही?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, खेळ म्हणून तो त्या दिवशी पहिल्यांदाच रंगला होता.