वर्तुळ थांबलं तेव्हा

आज सकाळी लॅपटॉपवर नवी सिस्टिम चढू लागली आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ फिरू लागलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात बाबांच्या छातीला ईसीजीच्या तारा लावल्या होत्या. तेवढ्यात कॉम्प्युटरने अपडेट सुरू केलं आणि पडद्यावर असंच वर्तुळ फिरू लागलं. खोलीत स्पिरिटचा वास होता.

"बंद मत करना भैया, सब चला जाएगा," ऑपरेटर मला म्हणाला.

आईला ते वर्तुळ म्हणजे बाबांचं काळीज वाटलं. "फिरून राह्यलं ना रे?" तिची गार बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

वर्तुळ अडखळलं. पडदा काळा झाला.

"अवो!" आई किंचाळली.

तो फक्त रीस्टार्ट होता. पण तेव्हा मीही बाबांच्या छातीकडेच पाहिलं.

"मी हाओ ना इथंच," बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

पडदा अजून काळाच होता.