डाव्या पायाचे त्रेचाळीस टक्के

मार्चचा दुसरा मंगळवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. आकडा शून्य पूर्णांक चार चार. खोलीत पाच जण हजर होते: रक्तवाहिन्यांच्या सर्जन बाई, त्यांची सहायक, पलंगावर घामाने निथळत आडवा पडलेला एतिएन, माझी बायको वंदना आणि मी. त्या आकड्याने एतिएनचा आजार सापडला आणि मी वंदनाशी लावलेली वीस युरोंची पैज हरल्यावर शिक्कामोर्तब झालं.

एतिएन आमचा भाडेकरू. वय एकवीस, फ्रान्समधल्या ब्रिटनीचा, पेशाने सायकलपटू. नवव्या वर्षी पहिली शर्यत, सतराव्या वर्षी आपल्या प्रांतात पहिला, एकोणिसाव्या वर्षी पहिला पगार. त्याची टीम जर्मन आहे आणि ब्लॅक फॉरेस्टचे चढ आमच्या झिंडेलफिंगेन गावाहून जवळ, म्हणून आमच्या वरच्या खोलीत राहायला आला. टीममध्ये त्याचं काम म्हणजे डोंगर चढताना कप्तानाच्या पुढे राहून वारा आपल्या अंगावर घ्यायचा. वंदनाने त्याला ‘काका’ आणि ‘काकू’ शिकवलं. बाकी सगळं जर्मनमध्ये.

मागच्या शरद ऋतूपासून शेवटच्या चढावर त्याची डावी मांडी लाकडासारखी व्हायची. जोर जायचा. दोन मिनिटं थांबलं की सगळं ठीक. घरच्या डॉक्टरांनी तपासलं, काही नाही. कमरेचा एमआरआय केला, काही नाही. फिजिओथेरपीच्या अकरा खेपा झाल्या, सीट दोनदा बदलली, बुटांत नवे तळवे घातले. टीमचा मॅनेजर फोनवर म्हणाला, “पाय ठीक आहेत. पोरगं डोक्याने कच्चं आहे.” करार ऑक्टोबरपर्यंतच होता. ऑगस्ट संपायच्या आत एक डोंगरी शर्यत नीट पुरी केली नाही, तर पुढचं वर्ष नाही, हेही सांगून झालं.

पुढे पुढे तो स्वतःच म्हणायला लागला, “काका, बहुतेक माझं डोकंच असेल.” हे मला सगळ्यात वाईट वाटलं.

जानेवारीत त्याने मला त्याच्या पेडलचे आकडे दाखवले. दोन्ही पेडलमध्ये सेन्सर असतात, कुठल्या पायाचा किती जोर ते सांगतात. सपाट रस्त्यावर पन्नास-पन्नास. चढावर जोर लावून दहा-बारा मिनिटं झाली की डावा त्रेचाळीस.

मी चोवीस वर्षं गाड्यांच्या चाचण्या घेतो. आकडा विचित्र आला की आमच्यात आधी उपकरणावर संशय घेतात. मी म्हणालो, सेन्सर बिघडलाय. बॅटऱ्या बदलल्या, शून्यावर आणून पाहिलं, पेडलच्या कंपनीला दोन पत्रं लिहिली. यात पाच आठवडे गेले. हे आठवडे माझ्या नावावर आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

वंदना एका संध्याकाळी म्हणाली, “अहो, पेडल काय घेऊन बसलाय? तो रोज आल्यावर जिन्यात बसून मांडी चोळतो. पोराचा पाय बघा.”

“पेडलच आहे. वीस युरोंची पैज.”

“लागली. आणि हरलात तर नोट द्यायची. घरखर्चात वळती करायची नाही.”

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तळघरात सायकल स्टँडवर चढवली. डावं पेडल उजवीकडे लावून बघता येत नाही, डाव्याचे आटे उलटे असतात. मग त्याच पेडलवर दुसरा माणूस बसवायचा. घरात दुसरा माणूस मीच, वय बावन्न, वजन चौऱ्याऐंशी किलो.

आमची ईशा पंधरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. ती टाळ्या वाजवत ओरडत होती, “वाइटर, पापा, वाइटर!” म्हणजे थांबू नका. एतिएन हसून हसून भिंतीला टेकला. दोनशे नव्वद वॅटवर मी चाळीस सेकंद काढले आणि हँडलवरच मान टाकली.

“किती?” मी विचारलं.

“फुफ्त्सिश-फुफ्त्सिश,” ईशा म्हणाली. पन्नास-पन्नास.

मग एतिएन बसला. अकराव्या मिनिटापर्यंत डावा एकोणपन्नास. बाराव्याला सत्तेचाळीस, पंचेचाळीस, त्रेचाळीस. त्याला उतरवून लगेच मी पुन्हा बसलो, त्याच पेडलवर पन्नास-पन्नास. पेडल निर्दोष होतं. मी वॉशिंग मशीनवर बसून राहिलो. लाज वाटत होती, पण खरं सांगतो, अंगावर काटाही आला होता. महिनोन्‌महिने कुणालाही न सापडलेली गोष्ट आमच्या तळघरात कागदावर उतरली होती.

तो आलेख घेऊन आम्ही पुन्हा घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा पाहिला, स्वतः फोन लावला आणि मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली.

त्या मंगळवारी सर्जन बाईंनी आधी त्याला आडवं करून घोट्याचा रक्तदाब घेतला. दंडाच्या दाबाशी त्याचं जे गुणोत्तर निघतं त्याला अँकल-ब्रॅकियल इंडेक्स म्हणतात. एकच्या आसपास असलं की पायाला रक्त नीट पोचतंय. दोन्ही पाय उत्तम निघाले. माझा चेहरा पडला.

बाई म्हणाल्या, “आडवं पडल्यावर सगळ्यांचेच पाय चांगले असतात. आता त्या सायकलवर बसा आणि अगदी जमेनासं होईपर्यंत थांबू नका.”

तो उतरल्यावर एका मिनिटाच्या आत पुन्हा रक्तदाबाचे पट्टे बांधले. उजवा शून्य पूर्णांक आठ सहा. डावा शून्य पूर्णांक चार चार.

आजाराचं नाव एक्स्टर्नल इलियाक आर्टरी एंडोफायब्रोसिस. म्हणजे पोटातून मांडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर जाड होतं आणि वाट अरुंद होते. वर्षानुवर्षं कमरेत वाकून हजारो किलोमीटर पेडल मारणाऱ्यांना कधीकधी होतो. आरामात पुरेसं रक्त जातं, जोर लावला की कमी पडतं.

एतिएनने विचारलं, “म्हणजे डोकं नाही?”

“डोकं उत्तम आहे,” बाई म्हणाल्या. “नळी खराब आहे.”

तो पलंगावर उठून बसला आणि मोठमोठ्याने हसायला लागला. आजाराचं नाव ऐकून इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

ऑपरेशनबद्दल बाईंनी काही लपवलं नाही. “आतला जाड थर काढू, तुझ्याच पायातल्या शिरेचा तुकडा वर शिवू. टायरला पॅच लावतात तसा. चांगलं झालं तर चार महिन्यांनी शर्यत. नाही झालं तर हौसेपुरती सायकल. शर्यती सोडायच्या असतील तर ऑपरेशनची गरजच नाही.” त्याने दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी सही केली.

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, तीन तास चाळीस मिनिटं. त्याची आई ब्रिटनीतली आपली बेकरी बंद करून आदल्या रात्री आली होती. तिला जर्मन येत नव्हतं, आम्हाला फ्रेंच. तिने लोण्याचा केक काढला, वंदनाने थालीपिठं. दोघी एकमेकींना आग्रह करत होत्या आणि खात कुणीच नव्हतं. दार उघडून बाई म्हणाल्या, “घोट्याला नाडी छान लागते आहे.” हे मात्र आईला न सांगता समजलं.

सहा दिवस रुग्णालयात, सहा आठवडे सायकल बंद. पहिल्या दिवशी तो चाळीस पावलं चालला. मे संपताना तळघरात दहा मिनिटं, ऐंशी वॅट. जुलैतल्या एका रविवारी पुन्हा तीच चाचणी. अकरावं मिनिट, बारावं, पंधरावं, आणि डावा एकोणपन्नासवरून हलेना. वीस मिनिटं झाल्यावर ईशाने एवढी मोठी किंकाळी फोडली की जर्मनीतली रविवारची सक्तीची शांतता मोडली म्हणून शेजाऱ्यांनी बेल वाजवली. आम्ही त्यांना केक दिला.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी शर्यत झाली, एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटर, एकच सहा किलोमीटरचा चढ तीनदा. आम्ही माथ्याच्या एक किलोमीटर अलीकडे उभे होतो. तिसऱ्या फेरीत आघाडीचे अकरा जण आले आणि सगळ्यात पुढे आमचा एतिएन, मागे त्याचा कप्तान. मी इतका ओरडलो की घसा दोन दिवस बसला होता. माथ्याजवळ त्याने कप्तानाला पुढे सोडलं, काम संपलं. कप्तान दुसरा आला, एतिएन सत्ताविसावा. आम्ही चालत माथ्यावरच्या अंतिम रेषेशी पोचलो तेव्हा मॅनेजर तिथेच उभा होता. त्याने एतिएनच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “आणखी एक वर्ष. आणि डोक्याचं बोललो ते माझं चुकलं.”

तुमच्या घरात कुणाचा पाय फक्त जोर लावल्यावर दगा देत असेल, तर जोर लावूनच तपासून घ्या. बसून, आडवं पडून केलेल्या तपासण्यांवर थांबू नका. उपकरणावर संशय जरूर घ्या, पण तो एका दिवसात फेडून टाका. त्या सर्जन बाईंचे आणि पहिला फोन लावणाऱ्या डॉक्टरांचे आभार कितीही मानले तरी कमीच.

मार्चमध्ये वंदनाने नोट घेतली नव्हती. “त्याने शर्यत पुरी केली की द्या,” म्हणाली होती. रेषेपलीकडे एतिएन सायकलवरच्या छोट्या संगणकाचा पडदा पुसून मला डाव्या-उजव्या पायाचे आकडे दाखवत होता, तेव्हा मी खिशातून वीसची नोट काढून तिला दिली.

“मला का नाही?” एतिएन म्हणाला. “पाय माझा होता, काकू.”

“पैज माझी होती,” वंदना म्हणाली आणि नोट पर्समध्ये टाकली.

दिले वीस युरो, रोख, वंदनाला.