दोन दिवस लाव

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. बायपासपलीकडे इमारती मात्र भराभर उठत होत्या आणि सगळ्यांची मदार टँकरवर. अशाच एका इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या माझ्या घरी बसून मी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची टीम सांभाळत होते. काम नऊ जणांचं, माणसं चौदा. वरून सांगणं होतं, मंजूर जागा भरून टाका, रिकामी राहिली तर पुढच्या वर्षी काढून घेतील. मी भरल्या.

शेवटची घेतली ती वैजापूरची एक मुलगी. तीही घरूनच काम करायची. पहिल्याच आठवड्यात तिचा दुपारी फोन.

"मॅडम, झालं. दुसरं द्या ना."

दुसरं नव्हतंच. मी म्हटलं, "एवढी घाई करू नकोस. दोन दिवस लाव. सकाळच्या मीटिंगमध्ये सांगायला काहीतरी उरायला हवं."

"लई सोपंय हो. दोन दिवस कसं पुरवू?"

"शीक. तेही कामच आहे."

ती हसली आणि शिकली. वर्षभर तिच्या प्रत्येक कामापुढे कंपनीच्या सिस्टिममध्ये दोन दिवसांची नोंद होत गेली.

मग इतर कंपन्यांमधल्या कपातीच्या बातम्या येऊ लागल्या. महिन्याभरात आमचीही पाळी. शुक्रवारी माझ्या वरच्या साहेबांचा फोन आला. कमी करायची पाच नावं त्यांनी सिस्टिममधल्या नोंदींवरूनच ठरवली होती, मी फक्त होकार कळवायचा. पहिलं नाव तिचं.

"ही फारच हळू आहे," साहेब म्हणाले.

"हळू नाही ती."

"रेकॉर्ड बघा ना, मॅडम."

रेकॉर्ड मला बघायची गरज नव्हती. "उद्या कळवते," म्हणून मी फोन ठेवला. जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं.

"खरं लिहिलंस तर यादीत तुझंच नाव लागेल."

"माहीत आहे."

"पन्नाशीला आलीस. या गावात दुसरी नोकरी कोण देणार?"

"तेही माहीत आहे. भाजी घे."

शनिवारी साहेबांना तीनदा मेल लिहून खोडला. चौथ्यांदा दोनच ओळी ठेवल्या: ही मुलगी माझ्या सांगण्यावरून हळू काम करत होती. तिला एक आठवडा पुरेसं काम देऊन बघा. पाठवला. उत्तर आलं नाही. रविवारभर मी घरातली कपाटं आवरली आणि दर दहा मिनिटांनी फोन बघितला.

सोमवारी सकाळी लॅपटॉप सुरू केला. पासवर्ड चुकीचा म्हणाला. सावकाश, एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला. तेच.

साडेदहाला माझ्या मोबाइलवर तिचा मेसेज आला. "मॅडम, साहेबांनी आज लई काम दिलंय. तुम्ही मीटिंगला का नाय आल्या? तब्येत बरी ना?"

मी तिला फोनच लावला.