मृगातलं गिधाड

सावनेरची बस दुपारी दोनला नागपूरहून सुटली. माझा भाऊ खिडकीशी बसला होता, पण बाहेर बघत नव्हता. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वहिनी गेल्यापासून नागपुरात सदरला माझ्याकडेच असतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला, आणि गेलं ते परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. जिथे सरळ पाहावं तिथेच काळा डाग. चेहरा नाही, अक्षर नाही. तेव्हापासून त्याने पाहणंच टाकून दिलं म्हणा ना. अंगणातल्या कडुलिंबावर धनेश येऊन ओरडतो, तरी हा मान वर करत नाही. एके काळी चालती बैलगाडी थांबवून पाखरं दाखवणारा माणूस हा! बोलतानासुद्धा तोंड भलतीकडेच. मी टोकते, "दादा, ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे पाहावं." की झाला गप्प.

त्याला पुन्हा काहीतरी पाहावंसं वाटावं, एवढंच माझं मागणं होतं. सावनेरच्या पुढे एका खेड्यात माझ्या शेजारणीचे भाऊ राहतात, निवृत्त गुरुजी. चांदणं नसलं की शेतात दुर्बीण लावतात आणि येईल त्याला आभाळ दाखवतात. तिकडे मी दादाला जवळजवळ ओढूनच नेत होते.

सावनेरहून ऑटो केला, तर त्या बाबाने भलत्याच फाट्यावर उतरवलं. मग काय, कपाशीच्या धुऱ्याने (बांधाने) दादाचा हात धरून चालत निघालो. कापूस वेचणारी एक बाई कंबर सरळ करून म्हणाली, "कुठं चालल्या वं माय?"

"आभाळ पाहाले."

"थे त इथूनबी दिसते!" तिच्यासोबतच्या बाया खदखदल्या. दादा हसला नाही.

गुरुजींच्या घरी भाकर आणि सोले-वांग्याची भाजी (सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे) होती, वरून मूठभर सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, पुण्याकडच्या माणसाने दचकू नये. दादा दोनदा वाढून घेऊन जेवला. मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

आठच्या सुमारास शेतात गेलो. थंडी अशी की बोलताना वाफ दिसावी. गुरुजींनी मृगाचे ओळीतले तीन तारे दाखवले आणि त्यांच्या खालच्या एका धूसर ठिपक्यावर दुर्बीण लावली. "हा तेजोमेघ. वायू आणि धूळ आहे, त्यातूनच नवे तारे होतात."

मी डोळा लावला. काचेवर कोणी श्वास सोडावा तसा पांढुरका डाग दिसला, दुसरं काही नाही.

"ताई, असं टक लावू नका," गुरुजी म्हणाले. "फिक्की वस्तू डोळ्याच्या मधल्या भागानं दिसत नसते. नजर बाजूला ठेवा, अन् ध्यान मात्र तिथंच."

मी खूप प्रयत्न केला. पण नजर जन्माची खोडील, पुन्हा पुन्हा मधेच जाऊन बसे.

"मले काय दिसते गुरुजी, राहू द्या," दादा म्हणाला. मी ढकललंच त्याला. आधारासाठी त्याने दुर्बिणीलाच हात घातला आणि ती हलली. गुरुजींनी न कुरकुरता पुन्हा मृग शोधला. दादा वाकला, मान जराशी तिरपी केली, आणि तसाच राहिला. किती वेळ कोण जाणे.

"पाखरू हाये," तो हळूच म्हणाला. "दोन्ही पंख पसरून राह्यलं. एक पंख लांब हाये, शेवटाले वाकला. मधात अंधार घुसला, चोचीवानी."

गुरुजी थक्क झाले. "दादाजी, पंखाचा तो शेवट दिसाले मले कितीक हिवाळे लागले!"

"मी दोन वर्षांपासून बाजूनंच पाहून राह्यलो न. समोर त काहीच नाही. हे सुमन बसली असते, तिलेबी तसंच पाहतो."

तो माझ्याकडे बघण्यासाठी तोंड फिरवत होता, आणि मी त्याला टोकत होते! मी भांडणच काढलं. "हंस असन तो."

"हंस पाह्यला का तू कधी? तुह्या बापानं तरी पाह्यला होता काय?"

"माहा बाप थोच तुहा बाप!"

"म्हणूनच सांगतो, नव्हता पाह्यला."

"मंग घार असन."

"घारीची शेपूट चिरलेली राहते. याची आखूड हाये. गिधाड हाये हे."

"आभाळात गिधाड नको दादा."

"काहून?"

काहून ते त्यालाही ठाऊक होतं. छप्पन साली बापाने धम्माची दीक्षा घेतली आणि गावची मेलेली ढोरं ओढणं त्याच दिवशी सोडलं. मी तेव्हा आईच्या मांडीवर होते. पण त्या कामाचे टोमणे मी मोठी होईपर्यंत ऐकले, आणि त्यात गिधाड असायचंच.

"बापानं काम सोडलं, बरं केलं," दुर्बिणीवरचा डोळा न काढता दादा म्हणाला. "पाखराची काय चूक वं? मी लहान होतो तवा थवेच्या थवे उतरत. आता एक नाही उरलं. इथं हाये, त राहू दे."

गुरुजी म्हणाले, "पुस्तकात मात्र याला गिधाड म्हणत नाहीत."

"लिहिणाऱ्यानं पाह्यलं नसन गुरुजी."

सकाळच्या बसने परतलो. कळमन्याच्या बाजारात संत्री नेणाऱ्या गाड्यांमागे बस रखडत होती, आणि दादा मला गिधाडाची मान समजावत होता. मी ऐकत होते, कबूल होत नव्हते. आजही त्या पाखराला मी हंसच म्हणते. इतक्या वर्षांचं दुखणं एका रात्रीत कुठलं जायला? पण एक सवय मी लावून घेतली आहे. बोलायचं असलं की दादाच्या समोर बसत नाही. खुर्ची ओढून त्याच्या डाव्या खांद्याशी बसते. तिथे मी त्याला दिसते.